गाल उजळणारी काळी पेन्सिल

घरात जुन्या फोटोंची पेटी उघडली की कुणीतरी हमखास म्हणतं, "त्या काळी फोटो खरे असायचे हो. आताचं सगळं फिल्टरचं काम." मी मान डोलावतो, कारण म्हणणारी मंडळी वयानं मोठी असतात आणि चहा अजून यायचा असतो. पण पेटीतल्या त्या पणजीकडं नीट बघा. कपाळावरचं कुंकू काळंकुट्ट, लाल शालूही काळा, आणि अंगणातल्या फोटोत वरचं आकाश पांढरंफटक. फोटो ज्यांवर उमटायचा त्या जुन्या काचेच्या प्लेटांना लाल रंग दिसतच नसे, निळा मात्र जरा जास्तच दिसे. म्हणून तर डार्करूममध्ये लाल दिवा बिनधास्त लावता यायचा. म्हणजे खरेपणाची सुरुवातच ही अशी.

आकाशाची ही अडचण फार जुनी. गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच फोटोग्राफरनं १८५०च्या दशकात समुद्राची एक निगेटिव्ह (म्हणजे उलट्या छटांची काच) आणि आकाशाची दुसरी अशा दोन काचा एकाच कागदावर छापून टाकल्या. लाटाही आल्या, ढगही आले. लोकांनी तोंडात बोटं घातली. आज हेच मोबाइलमध्ये एका टिचकीसरशी होतं आणि आपण नाक मुरडतो.

घरातले ते जुने फोटो काढणारा स्टँड कॅमेरा म्हणजे एक लाकडी फर्निचरच. पुढं लेन्स, मागं दुधी काच आणि मधे भाता. बाजाच्या पेटीच्या भात्याशी याचं नातं आहे आणि ते नुसतं दिसण्यापुरतं नाही. १९४०च्या दशकात केरळात आलप्पुळा इथं के. करुणाकरन यांच्या घरी वाद्यदुरुस्तीचं काम चालायचं. तिथं एका स्टुडिओवाल्यानं आपल्या परदेशी कॅमेऱ्याचा बिघडलेला भाता आणून दिला. पेटीचा भाता जोडणाऱ्याला तो काय अवघड! त्यातून पुढं सागवानी 'वागीश्वरी' कॅमेरे घडले आणि देशभरच्या स्टुडिओंत जाऊन उभे राहिले.

एका जुन्या स्टुडिओत मला अशा कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात डोकं घालायला मिळालं होतं. समोर मित्र स्टुलावर बसलेला, आणि काचेवर तो छताला चिकटलेल्या स्टुलावरून खाली लोंबतोय, शिवाय डावं-उजवंही बदललेलं. थोड्या वेळानं ते खटकेनासं झालं. मग चेहऱ्याकडं लक्षच जाईना. दिसत होतं ते एवढंच, की एक खांदा पडलाय, मनगट भलतीकडंच वळलंय आणि मागच्या पडद्यावरचा रंगवलेला खांब नेमका डोक्यातून उगवलाय. उलटा माणूस ओळखीचा राहत नाही, त्यामुळं त्याची भीडही राहत नाही. फोकस जुळला की प्लेट भरलेला होल्डर दुधी काचेच्या जागी सरकवायचा, आणि तिथून पुढं फोटोग्राफरला काहीच दिसत नाही. त्यानं कॅमेऱ्याशेजारी उभं राहून लेन्सची टोपी काढायची, मनात आकडे मोजायचे, टोपी परत लावायची. मधल्या वेळात पाहुणा शिंकला तर प्लेट गेली.

एवढं मोठं धूड कशाला, तर छापण्यासाठी. उन्हात छापायचा कागद इतका मंद, की एन्लार्जरच्या, म्हणजे फोटो मोठा करून छापणाऱ्या यंत्राच्या, दिव्याला तो दादच देत नसे. निगेटिव्ह कागदाला टेकवूनच छापायची, म्हणजे जेवढी काच तेवढाच फोटो. हाफ प्लेट पावणेपाच बाय साडेसहा इंच, फुल प्लेट साडेसहा बाय साडेआठ. लाकडी फ्रेममध्ये दोन्ही दाबून बसवायचं आणि पापड वाळत घालावेत तशा फ्रेमा उन्हात मांडायच्या. फ्रेमच्या मागच्या फळीला मधोमध बिजागऱ्या असत. अर्धी फळी उघडून कागदाचं टोक उचलायचं, चेहरा कितपत उमटलाय ते बघायचं आणि परत बंद करायचं. दुसऱ्या अर्ध्या फळीनं कागद घट्ट धरलेला असल्यामुळं चित्र तसूभरही सरकत नसे. ही बिजागरी ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला माझा नमस्कार.

पण मोठ्या काचेचा खरा फायदा वेगळाच. तिच्यावर पेन्सिल चालते. याला 'टचिंग' म्हणत, आणि त्याचा माणूस निराळा असे. खिडकीशी तिरकं मेज, खालच्या आरशातून काचेवर येणारा उजेड. काचेवरच्या जिलेटिनच्या थरावर शिसं धरत नाही, म्हणून टर्पेंटाइनमध्ये विरघळवलेली राळ आधी हलकेच चोळायची. पेन्सिलीचं शिसं इंचभर उघडं काढून पॉलिश पेपरवर सुईसारखं करायचं. आता गंमत बघा. सुरकुती फोटोत काळी दिसते, म्हणजे निगेटिव्हवर ती पारदर्शक रेघ असते. त्या रेघेत शिसं भरलं की उजेड कमी झिरपतो आणि कागदावर तेवढी जागा उजळ राहते. थोडक्यात, काळं फासून चेहरा उजळायचा. तेही रेघ ओढून नाही, तर बारीक बारीक ठिपके देऊन, कारण रेघ मारली तर ती छापल्यावर दिसणारच. देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळजी, रात्रीचं जागरण, सगळं त्या शिशात बुजायचं. काही कमी करायचं असेल तर बारीक पात्यानं हळूच खरवडायचं. लग्नासाठी दाखवायच्या फोटोत मुलीला 'जरा उजळ' करून देणं हे तर स्टुडिओचं नित्याचं काम. या एका गोष्टीचा मला मनापासून राग येतो. त्या कारागिराचा नाही, सांगणाऱ्यांचा.

मोठ्या कॅमेऱ्याच्या सोवळ्यातल्या भक्तांना हे सांगितलं की ते अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स या अमेरिकन निसर्ग-फोटोग्राफरचं नाव पुढं करतात. करा ना! १ नोव्हेंबर १९४१ रोजी न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावाबाहेर त्यानं आठ बाय दहा इंचांच्या फिल्मवर तो प्रसिद्ध चंद्रोदय टिपला. उजेड मोजायचं लाइट मीटर सापडेना, ऊन उतरत चाललेलं. चंद्राचा उजेड किती असतो हा आकडा डोक्यात होता, त्यावरून त्यानं एक्स्पोजर, म्हणजे फिल्मला द्यायचा उजेड, ठरवलं. दुसरी फिल्म लावेपर्यंत दफनभूमीतल्या क्रुसांवरचं ऊन गेलं. इथवर सगळे सांगतात. पुढचं कुणी सांगत नाही. सुरुवातीच्या प्रिंटांत ते आकाश फिकट आहे, त्यात ढगांच्या पुसट पट्ट्याही दिसतात. १९४८ मध्ये त्यानं निगेटिव्हचा खालचा भाग रसायनानं गडद करून घेतला, आणि १९७०च्या दशकातल्या प्रिंटांत आकाश जवळपास काळंभोर झालं. तोच चंद्र, तीच फिल्म, आणि रात्र मात्र वर्षागणिक वाढत गेलेली. यातला खरा फोटो कोणता? मला तर उशिराचा, काळाच आवडतो.

लाकडी कॅमेरा ठेवायला आमच्या फ्लॅटमध्ये जागा नाही, पण गच्ची आहे. म्हणून मी सायनोटाइपवर भागवतो. जॉन हर्शेलनं १८४२ मध्ये शोधलेली ही पद्धत म्हणजे इमारतींच्या जुन्या निळ्या नकाशांची आई. अमोनियम फेरिक सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांची द्रावणं एकत्र करून ब्रशनं कागदावर लावायची आणि कागद अंधाऱ्या कपाटात वाळवायचा. मोबाइलमधला फोटो उलट्या छटांचा करून प्लास्टिकच्या पारदर्शक शीटवर छापला की झाली मोठी निगेटिव्ह. वरून काच दाबून उन्हात ठेवायचं. पिवळट कागद हिरवट होतो, मग राखाडी. नळाखाली धरला की पिवळं पाणी वाहून जातं आणि निळा वर येतो. निगेटिव्ह करताना ढग थोडे दाट करतो, शेजारच्या इमारतीवरची पाण्याची टाकी काढून टाकतो. धुतलेला निळा आधी जरा फिका असतो. एक-दोन दिवस हवा लागली की तो आपोआप गडद होतो, पण मेडिकलच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड झाकणभर पाण्यात टाकलं तर डोळ्यांदेखत होतो. मी दर वेळी टाकतोच.