कौलारू छपराचे खिळे: किलोत नाही, नगात मोजलेले

मंडळी, दापोलीच्या शेडचं काम पुढे सरकलंय. चिऱ्याच्या भिंती, आढं (छपराच्या माथ्यावरचं आडवं लाकूड) आणि वासे (आढ्यापासून भिंतीकडे उतरणारी लाकडं) मागच्या नोंदीत झाले होते. आता पूर्वेच्या पाख्यावर, म्हणजे छपराच्या त्या बाजूच्या उतारावर, रीपा (वाशांवर आडव्या ठोकलेल्या, कौलं धरणाऱ्या पट्ट्या) मारून झाल्या आहेत आणि पश्चिमेचं पाखं सुरू करायचं आहे. ही नोंद मी मुद्दाम खिळ्यांवर लिहितो आहे. लाकूड आणि कौलं यांचा हिशोब सगळे काटेकोर करतात, खिळ्यांच्या बाबतीत मात्र ‘आण दोन-तीन किलो’ यावर काम चालतं. खिळे किती लागतील हे छपराच्या बांधणीवरून जवळजवळ अचूक काढता येतं. ते काढताना छपराला वारं कुठे लागतं, सांधे कुठे येतात, हेही आपोआप तपासलं जातं. म्हणून मला हा हिशोब फार मोलाचा वाटतो.

आधी मापं. आढ्याची लांबी टोकापासून टोकापर्यंत २४ फूट. प्रत्येक पाखं उतारावर सव्वानऊ फूट. वासे दोन-दोन फुटांवर, म्हणजे एका पाख्यावर १३, एकूण २६. कौल मंगळुरी, त्यामुळे रीपांमधलं अंतर साडेबारा इंच धरलं आहे. तुमच्याकडची कौलं वेगळ्या कारखान्याची असतील तर दोन कौलं एकमेकांत बसवून हे अंतर स्वतः मोजा, अर्ध्या इंचाचा फरक सहज निघतो. वळचणीच्या, म्हणजे छपराच्या खालच्या कडेच्या, सगळ्यात खालच्या ओळीतली रीप जाड आहे, कारण शेवटच्या कौलाखाली दुसरं कौल नसतं आणि ते उचलून धरलं नाही तर उतार मोडतो. ही जाड रीप धरून एका पाख्यावर रीपांच्या १० ओळी.

आता बहुतेक जण इथे १० गुणिले १३ करतात, १३० म्हणतात, दुप्पट करून २६० खिळे लिहितात. हा आकडा कमी पडतो. रीप २४ फुटांची सलग मिळत नाही. मला आठ फुटी तुकडे मिळाले. सांधा वाशावरच यायला हवा आणि सांध्यावर दोन टोकं येतात, प्रत्येक टोकाला आपला खिळा लागतो. म्हणून मी वाशांवरून नाही, तुकड्यांवरून मोजतो. आठ फुटी तुकडा पाच वाशांवर टेकतो, म्हणजे पाच खिळे. तीन तुकड्यांची ओळ, १५ खिळे. पण सगळ्या ओळींचे सांधे एकाच वाशावर आले तर तो वासा आणि छपराची ती रेघ कमजोर होते. म्हणून एक ओळ सोडून पुढची ओळ चार फुटी तुकड्याने सुरू करायची: ४, ८, ८, ४. इथे सांधे तीन, खिळे १६. दहा ओळींपैकी पाच १५ च्या आणि पाच १६ च्या, एका पाख्याला १५५. दोन्हींचे ३१०. साध्या गुणाकारापेक्षा पन्नास जास्त, आणि अजून कडा मोजल्याच नाहीत.

कडांचा विषय कोकणात टाळता येत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं आणि दापोली-मंडणगडकडची किती छपरं गेली हे इथल्या सगळ्यांनी पाहिलं आहे. वारा छपरावरून जाताना वर ओढ तयार होते आणि ती सगळ्यात जास्त वळचण, आढं आणि बाजूची टोकं इथे असते. वाऱ्याच्या भारासाठी जे भारतीय मानक आहे, आयएस ८७५ चा तिसरा भाग, त्यातही कडांसाठी वेगळे, वाढीव गुणांक दिलेले आहेत. मधल्या भागात कौलांचं वजन रीप दाबून धरतं. माझ्या छपराला ६३० कौलं लागतात, एकेक सव्वादोन किलो धरलं तरी चौदाशे किलोच्या वर भार जातो. कडेला मात्र खिळ्यानेच धरायला हवं.

म्हणून वळचणीच्या दोन ओळी आणि आढ्याखालची एक ओळ, या तिन्हींत रीप वाशावर जिथे टेकते तिथे प्रत्येक ठिकाणी दोन खिळे. एका पाख्याला ४७ वाढले. उरलेल्या सात ओळींत दोन्ही टोकांच्या वाशांवर दोन-दोन, म्हणजे आणखी १४. दोन्ही पाखी मिळून १२२. एकूण ४३२.

यातले ६० खिळे त्या जाड रीपेचे, ते चार इंची. बाकी ३७२ अडीच इंची. लांबीचा माझा नियम सोपा आहे: रीपेच्या जाडीच्या अडीचपट. एक इंची रीप, अडीच इंची खिळा, दीड इंच वाशात. याहून आखूड खिळा वाऱ्याच्या ओढीला पुरत नाही.

नगांवरून किलोवर यायचं तर दुकानातच १०० ग्रॅम खिळे तोलून मोजा. गेज म्हणजे खिळ्याच्या जाडीचा क्रमांक, आकडा मोठा तितका खिळा बारीक. दहा गेजचा अडीच इंची खिळा साधारण चार ग्रॅमचा, किलोत २४० च्या आसपास येतात. आठ गेजचा चार इंची दहा ग्रॅमच्या थोडा वर, किलोत शंभराला थोडे कमी. गेज बदललं की हा आकडा खूप हलतो. अकरा गेजचे अडीच इंची किलोत २९० च्या घरात जातात. म्हणून ‘एक किलो’ म्हणताना गेज सांगितलंच पाहिजे. खारी हवा असल्यामुळे मी सगळे जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले, घेतले. ते महाग पडतात, त्यामुळे उगाच जादा आणणंही परवडत नाही.

वाया जाणारे खिळे लाकडावर ठरतात. माझे वासे किंजळीचे आहेत, जुने, पक्के वाळलेले. तसेच ठोकले तर खिळा वाकतो किंवा रीपेचं टोक फाटतं. अडीच मिलिमीटरचं भोक आधी पाडून घेतलं की दहा गेजचा खिळा सरळ जातो आणि पकडही घट्ट राहते. पूर्वेच्या पाख्याला अडीच इंची खिळ्यांचा अंदाज १८६ होता, लागले १९७. अकरा वाकले. दहा टक्के जादा धरले होते, ते पुरून उरले. भोकं न पाडता काम करणार असाल तर वीस टक्के धरा, आणि सांध्यांच्या टोकांना तरी भोकं पाडाच.

रीपांखेरीज बाकीचं थोडक्यात. प्रत्येक वासा आढ्याला दोन आणि भिंतीवरच्या पट्टीला दोन असे १०४ चार इंची. तिरपा ठोकलेला खिळा वर उपसून निघू शकतो, म्हणून प्रत्येक वाशाला भिंतीपाशी लोखंडी पट्टी, तिला सहा दीड इंची, एकूण १५६. वळचणीच्या फळीला ५२ तीन इंची. आढ्यावरच्या कोन्यांना (माथा झाकणाऱ्या कौलांना) खिळा नाही, ते चुन्या-सिमेंटच्या मालात बसतात. वळचणीच्या ओळीतलं प्रत्येक कौल मी तारेने रीपेला बांधणार आहे, माझ्या कौलांच्या पोटाशी त्यासाठी भोक आहे.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. खिळ्यांचे जे तयार गणक सापडतात ते बहुधा अमेरिकेतल्या डांबरी पापुद्र्यांच्या छपराचे असतात. तिथे शंभर चौरस फुटांना, म्हणजे आपल्या एका ब्रासला, ८० तुकडे आणि प्रत्येकाला चार खिळे, म्हणजे ३२०. जोरदार वाऱ्याच्या भागात सहा, म्हणजे ४८०. तिथे आच्छादनाचा प्रत्येक तुकडा ठोकावा लागतो. आपलं कौल रीपेवर आपल्या नाकाने अडकतं, खिळा फक्त रीपेला. माझं छप्पर ४.४४ ब्रास आहे, म्हणजे रीपांचे खिळे ब्रासला ९७ पडले. दोन फुटांवर वासे आणि मंगळुरी कौल असेल तर ब्रासला शंभर आणि वर वाया जाणारे, हा पडताळा म्हणून चांगला आकडा आहे. छोट्या पडवीला तो कमी पडेल, कारण तिथे मधल्या भागाच्या मानाने कडा जास्त. दीड फुटांवर वासे असतील तर २४ फुटांत १३ ऐवजी १७ येतात, त्या हिशोबाने वाढवा. पत्र्याच्या छपराला यातलं काहीच लागू नाही, तिथे जे-बोल्ट किंवा स्क्रू आणि त्यांचे वॉशर मोजायचे.

पश्चिमेच्या पाख्यासाठी अडीच इंची खिळे शिल्लक आहेत, चार इंची अर्धा किलो आणायचे आहेत. ते झालं की वळचणीच्या फळ्या, मग कौलं चढवायला सुरुवात. कोणाकडे दीड फुटी वाशांचं छप्पर असेल आणि खिळे मोजून ठेवले असतील तर ब्रासमागे किती लागले ते जरूर कळवा, लाकूड कोणतं आणि भोकं पाडली होती का, हेही लिहा.