मदतीचा फ्रीज आणि सत्तरीतला पावसाळा

गावच्या आरोग्य केंद्राला मदत द्यायची म्हटली की आधी फ्रीज आठवतो. पण लसींना घरगुती फ्रीज चालत नाही. आयएलआर, म्हणजे बर्फाचं अस्तर असलेला खास फ्रीज लागतो, आत २ ते ८ अंश सेल्सिअस. गोव्यातल्या सत्तरी, सांगे, काणकोण तालुक्यांत पावसाळ्यात वीज जाते-येते, व्होल्टेज वरखाली होतं. म्हणून यंत्राच्या पैशांतच स्टॅबिलायझर, अर्थिंग आणि दुरुस्तीची सोय धरावी. नाहीतर नवंकोरं यंत्र कोपऱ्यात कपाट होऊन बसतं.

लस उष्णतेनेच बिघडते, हा अर्धाच समज. पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र लस), टीडी (धनुर्वात-घटसर्पाची), हेपॅटायटिस बी या लसी एकदा गोठल्या की बाद. त्यामुळे डीप फ्रीजरमधला आईसपॅक थेट व्हॅक्सिन कॅरियरमध्ये, म्हणजे लस नेण्याच्या डब्यात घालू नये. बाहेर ठेवा, त्याला घाम फुटू द्या, मग कानाशी धरून हलवा. आत पाणी खळखळलं की असे ४ पॅक भरा. लसीकरण सत्राच्या सकाळी घाईत नेमकी हीच पायरी गळते.

गोवर-रुबेलाची कुपी द्रावण मिसळल्यावर ४ तासच. उरलं ते टाकायचं, कितीही जीवावर आलं तरी. तापमान दिवसातून दोनदा लिहायचं, सुट्टीच्या दिवशीही. रविवारी कुलूप उघडणाऱ्याचा भत्ता मात्र देणगीच्या प्रस्तावात आधीच लिहून घ्या.