रॉकेट चूल बनवताना: फटीचा हिशोब

रॉकेट चुलीची रचना तशी सोपी. आडव्या तोंडातून काटक्या आत सरकवायच्या, उभ्या नळीतून जाळ वर चढतो आणि थेट भांड्याच्या बुडाला लागतो. अमेरिकेतल्या ओरेगॉनमधल्या अप्रोव्हेचो केंद्रात डॉ. लॅरी विनियार्स्की यांनी १९८० च्या दशकात ती बसवली.

मी आधी विटा रचून बघितल्या. जाळ झकास लागला, पण पाणी तापेना. विटांना मात्र हात लावायची सोय नव्हती. वीट, माती, वाळू उष्णता अडवत नाहीत, पिऊन टाकतात. नळीभोवती हवा धरून ठेवणारं हलकं काहीतरी लागतं: परलाइट, व्हर्मिक्युलाइट (दोन्ही तापवून फुगवलेली हलकी खनिजं), नाहीतर चाळलेली लाकडाची राख. राख फुकटची, म्हणून तीच घेतली. पत्र्याच्या डब्यात १० सेंमी व्यासाची, ३० सेंमी उंच नळी उभी केली आणि मधली जागा राखेनं भरली, न ठोकता. ठोकली की आतली हवा जाते, मग राख कशाला भरली? या वेळी पेटवल्यावर थोड्याच वेळात नळीतून घूंघूं आवाज यायला लागला आणि धूर जवळपास गायब.

तोंडात एक आडवी पट्टी लागतेच. काटक्या पट्टीवर, हवा पट्टीखालून. तोंड जळणानं गच्च भरलं की धूर झालाच समजा. टोकं जळतील तसतशा काटक्या पुढे ढकलायच्या.

खरा वेळ खाल्ला तो भांड्याखालच्या फटीनं. नियम असा की वायूला वाटेत कुठेही कमी-जास्त जागा मिळू नये. माझ्या नळीच्या वरच्या तोंडाचं क्षेत्रफळ सुमारे ७८.५ चौ. सेंमी, परीघ ३१.४ सेंमी. भागाकार केला की अडीच सेंमी येतात, म्हणून भांडं नळीच्या तेवढं वर. वायू कडेकडे पसरतो तसा घेर वाढतो, म्हणून फट कमी करायची: २४ सेंमी व्यासाच्या भांड्याच्या कडेशी ती जेमतेम १ सेंमी उरते. भांड्याभोवती पत्र्याचं कडं लावलं तेही तेवढंच अंतर ठेवून. फट अरुंद झाली की जाळ तोंडातून मागे येतो आणि बुडाला मऊ काजळी धरते. रुंद ठेवली की गरम वायू भांड्याला न शिवताच निघून जातो. डोळ्यांवर भरवसा नको, म्हणून दर वेळी तेच भांडं, तितकंच पाणी आणि आधी वजन केलेलं सुकं जळण घेतलं. कडं लावल्यावर जळण जितकं वाचलं तितकं दुसऱ्या कुठल्याच बदलानं वाचलं नाही.

एक सांगायचं राहिलं: धूर दिसत नाही म्हणून ही चूल बंद खोलीत पेटवू नये, कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू दिसत नसतोच. आणि आतली नळी साध्या पत्र्याची असेल तर ती टिकत नाही. माझ्या नळीला वळणाशी, जिथे आच सगळ्यात जास्त, पापुद्रे सुटायला लागलेत. आता तिथे भुसा मिसळून भाजलेल्या हलक्या विटा बसवणार आहे. भुसा जळून जातो आणि विटेत बारीक पोकळ्या राहतात.