तुम्ही विचारलंत म्हणून: दुसऱ्याचा गिटारचा अँप मी का उघडत नाही

"स्वतःचे अँप उघडतोस, ट्यूबा बदलतोस, बायस लावतोस, मग माझाच का नाही?" हे मला इतक्या वेळा विचारून झालंय की आता नुसतं "जरा एक काम होतं" ऐकलं तरी पुढचं वाक्य पाठ असतं. (ट्यूबा म्हणजे जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह, आणि बायस म्हणजे अँप गप्प असताना त्यांच्यातून किती करंट वाहू द्यायचा ते.) दर वेळी मी वेगळं कारण दिलं. वेळ नाही. सोल्डरिंग आयर्न बिघडलंय. पाठ धरलीये. पाठीचं अधूनमधून खरं होतं, दोन-दोन ट्रान्सफॉर्मरचं ते लोखंड एकट्याने उचलून बघा.

आता एकदाचं सांगून टाकतो, म्हणजे तुम्हीही सुटलात आणि मीही.

शॉकची भानगड नाही. बऱ्याच जणांना वाटतं, याला कधीतरी जोरदार झटका बसलाय आणि हा टरकलाय. प्लग काढल्यावरही आतले वीज साठवणारे फिल्टर कपॅसिटर चार-साडेचारशे व्होल्ट धरून बसतात, हे मी विसरत नाही. ते रिकामे करतो, मीटर लावून शून्य बघतो, चालू अँपमध्ये हात घालायचा झाला तर दुसरा हात खिशात. त्या बाबतीत मी पहिल्यापासून भित्रा आहे आणि तसाच राहणार. वीज मला घाबरवत नाही असं नाही, पण प्रकरण विजेचं नाही. प्रकरण एका केबलचं आहे.

मित्राचा अँप होता. पन्नास वॉटचा, ईएल३४ जातीच्या दोन ट्यूबा, हेड म्हणजे अँपचं खोकं वेगळं आणि कॅबिनेट म्हणजे स्पीकरचं खोकं वेगळं. त्याने तो वीस वर्षं वाजवलेला, आणि आम्ही सगळ्यांनी तो आवाज ऐकूनच ट्यूबांचा नाद लावून घेतलेला. काम साधं होतं: नव्या ट्यूबा, नवा बायस. ट्यूबच्या प्लेटवर ४५० व्होल्ट मिळाले. ईएल३४ची मर्यादा २५ वॉट, तिचे ७० टक्के म्हणजे साडेसतरा, भागिले ४५०, म्हणजे ३९ मिलिअँप. दोन्ही ट्यूबा ३८-३९वर आणून ठेवल्या. पाऊण तासात आटपलं. (कॅथोडवर मोजलं की त्यात स्क्रीन नावाच्या आतल्या जाळीचा करंटही येतो, हे मला माहीत आहे. कृपया ते सांगायला फोन करू नका.)

मग वाजवून बघायचं ठरलं. टेबलावर दोन काळ्या केबली पडलेल्या, दोन्हींना पाव इंची जॅक. एक स्पीकरची, एक गिटारची. मी हेड कॅबिनेटला जोडलं ते गिटारच्या केबलने. मित्र चहा करायला आत गेला होता, म्हणजे साक्षीदारही नाही. पन्नास वॉट आठ ओहमच्या स्पीकरला जातात तेव्हा केबलमधून अडीच अँपिअर वाहतात. गिटारच्या केबलमधून एरवी जे जातं त्याला करंट म्हणणंही जिवावर येतं, आणि तिच्या आतली तार तितकीच केसासारखी.

दहा मिनिटं सुरेख वाजला. मी व्हॉल्यूम सातवर नेला, ईचा कॉर्ड मारला, आणि कॉर्डच्या मधेच आवाज गेला. हळूहळू नाही, कापल्यासारखा.

आता मी पुढे काय केलं ते लिहायला मला तीन वर्षं लागली. मी व्हॉल्यूम वाढवला. वाटलं, गिटारचा जॅक पुन्हा सैल झालाय, तो नेहमीच खरखरायचा. म्हणून डाव्या हाताने जॅक हलवत होतो आणि उजव्या हाताने तारा झोडपत होतो. सात-आठ सेकंद असेल. अँप गप्प करणारा स्टँडबायचा स्विच हातभर अंतरावर होता. अँप बिचारा पूर्ण ताकदीने वाजत होता, फक्त ती ताकद स्पीकरपर्यंत पोचत नव्हती. ट्यूबांची ताकद स्पीकरला पोचवतो तो आउटपुट ट्रान्सफॉर्मर; स्पीकर सुटला की त्याच्या प्रायमरीवर, म्हणजे ट्यूबांकडच्या वेटोळ्यावर, व्होल्टेज उसळतं, हजारांत जातं, आणि इन्सुलेशन जिथे कच्चं असेल तिथून वाट काढतं. हे मी दुसऱ्यांना शंभरदा बजावलेलं. आतून टिक-टिक असा आवाज आला, ट्यूबच्या सॉकेटपाशी निळी ठिणगी दिसली, जळक्या व्हार्निशचा वास आला आणि मग फ्यूज गेला. फ्यूजने अगदी रीतसर, सगळं उरकल्यावर हजेरी लावली.

मीटर लावला. प्रायमरीच्या मधल्या टोकापासून एका बाजूला चाळीसेक ओहम, दुसऱ्या बाजूला काहीच नाही, म्हणजे आतली तार तुटलेली. चारदा मोजलं. मीटरची बॅटरी बदलून पुन्हा मोजलं.

मित्र कप घेऊन बाहेर आला. मी म्हणालो, "आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेला रे. जुना होता." दोन्ही वाक्यं खरी आहेत. मला वकील व्हायला हरकत नव्हती.

नवा ट्रान्सफॉर्मर माझ्या पैशांनी आणला, तो घेईना तरी. तेच ओहम, स्पीकर जोडायचे तेच ४-८-१६ ओहमचे टॅप, मापही तेच. मीच बसवला. तो मी उघडलेला दुसऱ्याचा शेवटचा अँप. खरं काय घडलं ते आठ महिन्यांनी सांगितलं, तर तो म्हणाला, "ती केबल माझी होती. तू माझ्याच बॅगेत भरून दिलीस. घरी जॅक उघडला तर सोल्डरचा टाका सुटून तार मोकळी झालेली. मला तेव्हाच कळलं." आठ महिने त्याने एक शब्द काढला नव्हता. यावर मी अजूनही काय वाटून घ्यावं हे ठरवलेलं नाही. काही दिवस राग आला होता, तोही त्याचाच.

इथे थांबलो असतो तर तुम्ही म्हणाल, चूक झाली, शिकलास, आता लाल टेप लाव केबलला आणि पुढे चल. टेप लावलीये. पण आवाजाचं काय?

मित्र म्हणतो, आवाज तोच आहे, उलट जरा खणखणीत झालाय. मला तो वेगळा ऐकू येतो. खालचे सूर आवळल्यासारखे, आणि कॉर्ड सोडताना पूर्वी जो एक सैल श्वास यायचा तो येत नाही. जुनं रेकॉर्डिंग होतं. शेजारी नवं करून ठेवलं, नावं झाकून ऐकलं. कधी ओळखलं, कधी नाही. पण ट्यूबाही नव्या होत्या, एक तर त्या रात्री मेल्यावर पुन्हा बदललेली, आणि माईक बोटभर सरकला असेल तरी हाच फरक पडतो. म्हणजे मी नक्की काय ऐकतोय? लोखंड की माझा अपराध?

हाच मी एके काळी ट्रान्सफॉर्मरच्या थरांवर आणि कागदाच्या इन्सुलेशनवर तासभर व्याख्यान द्यायचो. दाखला तयारच असायचा: फेंडर कंपनीचा १९५९चा बासमन अँप आणि मार्शल कंपनीचा पहिला जेटीएम४५ अँप, सर्किटचा नकाशा जवळपास तोच आणि आवाज दोन टोकांचे, बघा ट्रान्सफॉर्मरची करामत! आज त्या जुन्या मला विचारावंसं वाटतं, अरे शहाण्या, तिथे पहिली ट्यूब १२एवाय७ऐवजी १२एएक्स७ झाली, उघड्या पाठीच्या खोक्यातले दहा इंची जेन्सन स्पीकर जाऊन बंद खोक्यातले बारा इंची सेलेस्टियन आले, पुढे आउटपुटला केटी६६ ट्यूबाही आल्या. एवढं सगळं बदलल्यावर श्रेय एकट्या ट्रान्सफॉर्मरला कुठल्या हिशोबाने दिलंस? तोही गप्प बसणारा नाही. तो म्हणतो, मग ट्रान्सफॉर्मरचा वाटा शून्य आहे असं तरी कुठे सिद्ध झालं? तेही बरोबर आहे. मॉडेलरवाले, म्हणजे ट्यूबांच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारं यंत्र वापरणारे मित्र मधे तोंड घालतात, आमच्यात जळायला काही नाही म्हणून. त्यांना मी आता उत्तर देत नाही. पूर्वी फार द्यायचो.

स्वतःचा अँप बिघडवला तर तो आवाज माझा मीच हरवला, माझ्याशीच हिशोब. तुमचा उघडला आणि सगळं सुरळीत झालं, तरी नंतर तुम्ही म्हणणार "मस्त वाजतोय" आणि मी तिथे उभा राहून ऐकत बसणार, काय गेलं ते. तुम्हाला ऐकू येत नसलेलं. कदाचित नसलेलंच.

मित्राने मागच्या महिन्यात पुन्हा ट्यूबा बदलल्या. ट्रान्सफॉर्मर बसवताना मी त्याच्या अँपच्या मागच्या पट्टीवर मीटरच्या पिनांसाठी आणि स्क्रूड्रायव्हरसाठी भोकं करून ठेवली होती, म्हणजे उघडायला नको. फोन स्पीकरवर ठेवून तो आकडे वाचत होता. "डावीकडे ३७, उजवीकडे ३९."

"बरंय. स्पीकरची केबल हातात धरून बघ. जाड आहे ना?"

"तिसऱ्यांदा विचारतोयस," तो म्हणाला.