तुम्ही विचारलंत म्हणून: ड्रॅक्युला बघायचा, पण कुठला?

रक्तपिपासू काउंटची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी वाचून संपवलेलं कुणी भेटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "आता पडद्यावरचा कुठला बघू?" मी १९७७ची बीबीसीची 'काउंट ड्रॅक्युला' सांगते आणि समोरच्याचा चेहरा पडतो. ती जुनी, टीव्हीवरची? तीच का?

तीच. कारण त्यातला काउंट प्रेमात पडलेला नाही.

कादंबरीची नायिका मीना म्हणजे काउंटची गेल्या जन्मीची बायको, हे कथानक आता इतकं मुरलंय की लोकांना ते मूळचंच वाटतं. ब्रॅम स्टोकरच्या १८९७च्या पुस्तकात त्याचा मागमूसही नाही. १९७४च्या अमेरिकन टीव्ही-चित्रपटात जॅक पॅलन्सच्या काउंटला मीनाच्या मैत्रिणीत, लूसीमध्ये, आपली मेलेली बायको दिसली, पुढे १९९२च्या चित्रपटात दिग्दर्शक कपोलाने तो धागा मीनाला जोडला. हिंदी सिनेमा बघत वाढलेल्या आपल्याला पुनर्जन्म काही खटकत नाही म्हणा! पण खलनायक विरहाने झुरायला लागला की त्याची कीव येते, भीती वाटत नाही. पुस्तकातला काउंट मीनाचं तोंड धरून आपल्या छातीवरच्या जखमेवर दाबतो. मांजराच्या पिल्लाचं नाक बशीतल्या दुधात दाबावं तसं, असं स्टोकरने लिहिलंय. यात प्रेम कुठून काढायचं?

फिलिप सॅव्हिल दिग्दर्शित ही बीबीसीची निर्मिती साधारण अडीच तासांची. २२ डिसेंबर १९७७ला, म्हणजे ऐन नाताळाच्या तोंडावर दाखवली. काउंट झालाय लुई जुर्दां. आपल्याकडच्या बाँडप्रेमींना तो 'ऑक्टोपसी'तला कमाल खान म्हणून आठवेल, उदयपूरच्या महालात राहणारा, कबीर बेदीला पदरी बाळगणारा. इथेही तसाच मऊ आवाज, तशीच अदब. डोळे वटारणं नाही, फिस्कारणं नाही. काउंटच्या मागावर असलेला प्राध्यापक व्हॅन हेल्सिंग क्रूस पुढे करून लॅटिनमध्ये प्रार्थना म्हणायला लागतो तेव्हा हा शांतपणे म्हणतो की लॅटिनमध्ये हे नेहमीच जास्त पटण्यासारखं वाटतं. एखाद्या गायकाला दाद द्यावी इतक्या सहज. मला त्या प्रसंगात जेवढी भीती वाटली तेवढी कुठल्याही रक्ताच्या चिळकांडीने वाटलेली नाही.

रेनफिल्डसाठी तर ही बघाच. वेड्यांच्या इस्पितळातला हा रुग्ण माश्या गोळा करतो, त्या कोळ्यांना घालतो, कोळी चिमण्यांना, आणि मग डॉक्टरांकडे मांजराचं पिल्लू मागतो. बहुतेक ठिकाणी हे पात्र हसण्यावारी नेतात. जॅक शेफर्डने तो असा केलाय की आपल्याला काय होतंय हे त्या माणसाला पुरतं कळतंय आणि तेच त्याला सोसवत नाहीये.

आता "जुनाट दिसते" या तक्रारीबद्दल. दिसते, खरंय. त्या काळच्या बीबीसीच्या रिवाजाप्रमाणे खोल्यांमधले प्रसंग स्टुडिओत व्हिडिओवर आणि बाहेरचे फिल्मवर चित्रित केलेत. दार उघडून पात्र बाहेर पडलं की चित्राचा पोतच बदलतो. मधूनच निगेटिव्हसारखी उलटी चित्रं येतात, तेव्हाची ती हौस होती, सोडून द्या. पण बाहेरची ठिकाणं बघा. लूसीला काउंट गाठतो ते इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या व्हिटबी गावचं चर्च पुस्तकातलंच, समुद्रावरच्या कड्यावरचं, एकशे नव्याण्णव पायऱ्या चढून जावं लागणारं. १८९०मध्ये स्टोकर या गावी राहून गेला होता. काही वर्षांपूर्वी तिथे एक रशियन जहाज किनाऱ्याला लागलं होतं, त्यावरूनच त्याने काउंटला आणणारं जहाज उभं केलं.

बदल यातही आहेत. लूसी आणि मीना इथे सख्ख्या बहिणी. लूसीचा होणारा नवरा आर्थर आणि तिला मागणी घालणारा अमेरिकन क्विन्सी यांना एकत्र करून एकच माणूस केलाय आणि त्याचे अमेरिकन उच्चार ऐकवत नाहीत. पुस्तकातला म्हातारा, पांढऱ्या मिशांचा काउंट हळूहळू तरुण होत जातो, तेही गाळलंय. जुर्दांला मिशाच नाहीत. चालतं मला. एरवी लोक नेमकं जे वगळतात ते यात ठेवलंय: काउंटचं भिंतीवरून डोकं खाली करून उतरणं आणि त्याच्या वाड्यातल्या तीन रक्तपिपासू बायकांपुढे टाकलेली ती पिशवी. पिशवीत काय आहे ते पुस्तक वाचलेल्यांना माहीत आहे. घरात लहान मूल असेल तर तेवढा प्रसंग पुढे पळवा.

क्लेस बँग काउंट झालेली २०२०ची 'ड्रॅक्युला' मालिका बघू का, असंही विचारतात. पहिला भाग जरूर बघा. हंगेरीतल्या मठातली डॉली वेल्सची सिस्टर अगाथा काउंटला शब्दागणिक पुरून उरते. दुसराही बरा आहे. तिसऱ्यात काउंट आजच्या लंडनमध्ये येऊन मोबाइल हाताळायला लागतो. तिथे मी उठून चहा टाकला होता.