ब्रॉन्कोचे हेडर ठरले: शॉर्टी, आणि तेही पी हेडसाठीचेच

माझ्या १९७४ च्या फोर्ड ब्रॉन्कोत फोर्ड एक्सप्लोररचं ५.० लिटर इंजिन बसलं, वायरिंग ओढून झालं, मस्टँगचा ए९एल ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) डॅशखाली गेला. आता एक्झॉस्ट. त्यात आधी हेडर, म्हणजे इंजिनच्या हेडमधून वायू बाहेर नेणाऱ्या नळ्या; त्या शेवटी कलेक्टरमध्ये एकत्र येतात.

पहिली अट इंजिननेच घातली. सिलिंडर हेड जीटी४०पी, म्हणजे 'पी हेड' आहेत. १९९७ च्या मध्यापासून एक्सप्लोररवर आलेल्या या हेडमध्ये स्पार्क प्लगचा कोन वेगळा आहे. ५.० चे नेहमीचे हेडर हेडवर व्यवस्थित बसतात, पण नळी नेमकी प्लगच्या बुटाला (वायरच्या टोकावरच्या टोपीला) टेकते. बूट जळलं की मिसफायर आलाच. इंजेक्शनच्या गाडीत ते तिथेच थांबत नाही. पेट न घेतलेल्या सिलिंडरमधला ऑक्सिजन एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोचतो, ईसीयूला मिश्रण लीन (पेट्रोल कमी) वाटतं आणि तो पेट्रोल वाढवतो. सेन्सरच्या आधी कुठे बारीक लिकेज असेल तरी हाच प्रकार: एक्झॉस्टच्या ठोक्याठोक्याला बाहेरची हवा आत ओढली जाते. म्हणून यावेळी हॉर्सपॉवरच्या आकड्यांपेक्षा मी फ्लँजची (हेडला बोल्टने बसणाऱ्या पट्टीची) जाडी आणि जोड जास्त बघितले. ३/८ इंची फ्लँज तापल्यावर सहज वाकत नाही. कलेक्टरला बॉल फ्लँज (गोलसर तोंडाचा जोड) घेतला. चेसिस पिळली तरी तो जोड सपाट गॅस्केटपेक्षा चांगला टिकतो.

लाँग ट्यूबने (लांब नळ्यांच्या हेडरने) कमी आरपीएमचा टॉर्क नक्की सुधारतो, ते मला मान्य आहे. पण ब्रॉन्कोत डावीकडे स्टिअरिंगचा दांडा आहे, पुढचा ड्राइव्हशाफ्टही त्याच बाजूने जातो आणि सस्पेन्शन दबलं की वर येतो. उजवीकडे स्टार्टर. त्यातून वाट काढत नळ्या चेसिसच्या खाली लोंबणार आणि पहिल्याच मोठ्या दगडावर चेपणार. ट्रेलच्या गाडीला ते नकोच. दीड इंची नळ्यांचे शॉर्टी, म्हणजे आखूड हेडर घेतले. कमी आरपीएमला वायूचा वेग टिकतो, आणि माझी गाडी बहुतेक वेळ तिथेच चालते.

हेडर नुसते बोल्टवर अडकवून प्रत्येक प्लगवर बूट चढवून पाहिलं. सगळीकडे बोट जाईल एवढी फट आहे. दांड्यालाही नळी लागत नाही.

सेन्सरची जागा दोन्ही बाजूंना कलेक्टरच्या लगेच मागे, आडव्या रेषेच्या किमान १० अंश वर, म्हणजे थंड सुरुवातीचं पाणी सेन्सरवर साचणार नाही. तिथे १८ मिमी आट्यांचे बंग (सेन्सर बसवायच्या कड्या) गाडीतच टॅक केलेत, म्हणजे वेल्डिंगच्या ठिपक्यांनी धरलेत. पूर्ण वेल्डिंग हेडर गाडीबाहेर काढून, आणि त्यानंतरच सिरॅमिक कोटिंग. कापडी रॅप मी लावणार नाही. पाण्यातून काढलेल्या गाडीत तो ओल धरून ठेवतो आणि त्याखालचं साधं स्टील गंजतं.

कोटिंग होऊन आलं की पुढची पायरी: इंजिन थंड असताना टेलपाइपमध्ये ब्लोअर लावून सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी. बुडबुडे नाहीत तरच स्टार्टर मारायचा. एकदा तापून थंड झालं की हेडरचे बोल्ट पुन्हा आवळायचे, मग दोन्ही सेन्सरचे व्होल्टेज लॉग करायला घेईन.