मोठ्या मामाकडून सप्रेम भेट

परवा दुपारी दर्यापूरकडच्या एका गावात नात्यातल्या घरी गेलो होतो. वहिनीनं स्टीलच्या गिलासात पाणी दिलं. गिलासावर कोरलेलं: 'मोठ्या मामाकडून सप्रेम भेट, १२-५-८७'. कोणाचे हे मोठे मामा, म्हणून विचारलं तर वहिनी हसली. "काय माईत भाऊजी, कोनाच्या तरी पंगतीतून आला असन."

आपल्याकडे स्टीलची भांडी घराची नसतातच, गावाची असतात. लग्न असो की तेरवी, घरोघरून गडवे, गंज म्हणजे पातेली, कोपर गोळा व्हायचे. परत ओळखू यावेत म्हणून तर नावं टाकायची, आणि तरीही भांडी पांगायचीच. आमच्या घरची अर्धी ताटं कुण्या 'कु. सुमन'ची होती. ही सुमन कोण, हे आजीलाही शेवटपर्यंत कळलं नाही.

भांड्याच्या दुकानात नाव टाकणारा पोरगा असायचा. हातात ते तिर्र तिर्र करणारं यंत्र, आणि पट्टी न लावता सरळ ओळीत टिंबा-टिंबांनी नाव. 'सौ.' काढताना मात्र मात्रा नेहमी काठाबाहेर. मी तासन्‌तास बघत उभा राहायचो. तेव्हा एक प्रश्न पडायचा तो असा, की भांड्याला एवढी टोचणी दिली, चकाकी खरवडली, तर त्या टिंबांमधून जंग का चढत नाही? घरचा विळा एका पावसात लाल व्हायचा. इथं १९८७ सालचं नाव आजही लख्ख.

उत्तर पुष्कळ उशिरा, कॉलेजात मिळालं. स्टेनलेसमध्ये निदान साडेदहा टक्के क्रोमियम असतं. हवेतला ऑक्सिजन लागला की क्रोमियम ऑक्साइडचा दोन-तीन नॅनोमीटरचा पापुद्रा पृष्ठभागावर धरतो आणि आतल्या लोखंडापर्यंत हवा-पाणी पोचू देत नाही. ओरखडा पडला की तिथं नवा पापुद्रा. म्हणजे पितळेच्या गुंडीला वर्षा-दोन वर्षांनी कलईवाल्याची वाट बघावी लागायची, तो भाता, ते कथील, नवसागराचा नाकात जाणारा धूर. आणि हे भांडं स्वतःची कलई स्वतःच करतं, तीही फुकट. शेफिल्डच्या हॅरी ब्रेअर्लीनं १९१३ मध्ये हे पोलाद ओतलं ते बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून. लवकरच त्याच्या जेवणाच्या सुऱ्या झाल्या. आमच्यापर्यंत आलं तेव्हा त्याचं रुखवत झालं होतं.

आता माझी एक जुनी चिडचिड. बाजारात भांडं घेताना लोक खिशातून लोहचुंबक काढतात. चिकटलं की नकली, नाही चिकटलं की असली! लहानपणी फुटक्या स्पीकरचं चुंबक माझ्याकडेही होतं. मातीत फिरवलं की काळी भुकटी चिकटायची. घरच्या ताटाला ते चिकटायचं नाही, पण रुपयाच्या नाण्याला टपकन चिकटायचं. नाणंही स्टेनलेसचंच की! त्यात निकेल नव्हतं, एवढंच. ताटात क्रोमियमच्या जोडीला निकेल असतं, अठरा टक्के आणि आठ टक्के असा बेत. त्यानं चुंबकत्व जातं. पण निकेल महाग, म्हणून ते कमी करून मँगनीज घातलेलं स्वस्त स्टीलही चुंबकाला दाद देत नाही, आणि डाग मात्र लवकर धरतं. तेव्हा चुंबक घरी ठेवा. पण हे दुकानात बोललं की दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघंही माझ्याकडेच संशयानं बघतात.

या पोलादाचा खरा वैरी म्हणजे मीठ. आजीची ताकीद असायची, "मीठ उकळी आल्यावर टाक. थंड्या पान्यात टाकशील त गंजाले बुडाशी भोकं पडतीन." मला ती म्हाताऱ्या माणसाची खोड वाटायची. पण तळाशी बसलेल्या खड्यांतलं क्लोराइड तो पापुद्रा एका बिंदूत फोडतं आणि सुईनं टोचावं तसा खड्डा आत जातो. लोणचं चिनीमातीच्या बरणीत का, तेही यातच आलं. दूध संकलन केंद्रावरची चकचकीत टाकी धुताना ब्लीचिंगचं पाणी तसंच ठेवलं तरी हेच होतं. गॅस्केटखाली, म्हणजे जोडातल्या रबरी पट्टीखाली, जिथं हवा पोचत नाही, तिथून आधी सुरुवात. एरवी दुधाची टाकी असो, संत्र्याच्या रसाची की दवाखान्यातली कात्री, हे पोलाद वर्षानुवर्षं हू की चू करत नाही.

आता दर्यापूर म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. समुद्र कुठच्या कुठं, आणि जमिनीखालचं पाणी खारट. मागं त्याच घरचा बोअरचा पंप वर काढला तेव्हा मी तिथंच होतो. शाफ्टवर, म्हणजे पंपाच्या फिरत्या दांड्यावर, बोट फिरवलं तर बारीक बारीक खड्डे लागत होते. मेकॅनिक म्हणाला, "साधं स्टील इथं टिकत नाही भाऊ. तीनशे सोळा पायजे." ३१६ म्हणजे ज्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम घालतात ते, बंदरावरच्या, जहाजावरच्या कामाला वापरतात. पैशाची जुळवाजुळव करून तसा शाफ्ट आणलाही.

नळाला पाणी आलं नाही की त्या बोअरचंच पाणी सगळे प्यायचे. घरातले काका गेले ते किडनीच्या आजारानं. पाण्यामुळंच, असं कुठल्या डॉक्टरानं लिहून दिलेलं नाही. गावात मात्र कोणाला शंका नाही.